तीन अक्षरी, मधलं 'भ' : रोजचं शब्दकोडं अडलं की मदत कशी घ्यावी

सकाळी सव्वानऊला फोन वाजला की तो आईचाच. "कशी आहेस" वगैरे काही नाही. "तीन अक्षरी, मधलं 'भ', पेरणीचं अवजार. तिफण बसत नाही." ती साताऱ्याला, मी ठाण्यात, एक हात लोकलच्या दांडीला. "पाभर," मी म्हणते. "हां," एवढंच म्हणून ती फोन ठेवते.

पूर्वी मला हे फारच तुटक वाटायचं. आता वाटतं, मदत मागावी तर अशी. घरं किती, हातात आलेलं अक्षर कुठलं आणि कितव्या घरात, छापलेली सूचना काय, आणि आपण काय बसवून पाहिलं, हे सगळं एका दमात. माझी एक मैत्रीण नेमकं उलटं करते. तिचा मेसेज येतो, "अगं, शेतीचं अवजार सांग ना." आता नांगर, कुळव, वखर, पाभर, तिफण ही सगळी तीन अक्षरीच आहेत. मी तिला काय सांगू?

अर्धं कोडं भरून पेपर रद्दीत टाकणाऱ्यांसाठी हा लेख आहे. मराठी दैनिकांत रोज येतं ते साधं, आडव्या-उभ्या शब्दांचं कोडं इथे धरलं आहे. मदत कुठून मिळते हे सांगायचंच आहे, पण त्याआधी कोड्यातूनच किती मदत मिळते ते पाहू. ती संपल्याशिवाय बाहेर हात पसरला तर मिळालेलं उत्तरही ओळखता येत नाही.

आधी अक्षरं मोजा, नीट मोजा

इंग्रजी कोड्यात एका घरात एक लिपीचिन्ह बसतं. मराठीत एका घरात एक अख्खं अक्षर बसतं, त्याच्या काना-मात्रा-वेलांटी-अनुस्वारासकट. जोडाक्षर कितीही गुंतागुंतीचं असलं तरी घर एकच. 'राष्ट्र' दोन घरांचा, 'स्वातंत्र्य' तीन घरांचा, 'कऱ्हाड' तीन, 'इंद्रायणी' चार. विसर्गाला वेगळं घर मिळत नाही. धृतराष्ट्राची मुलगी दुःशला तीन घरांत मावते, आणि इंद्राचा घोडा उच्चैःश्रवा चार घरांत. नवीन माणसाची पहिली चूक इथेच होते. 'महाराष्ट्र' बोटांवर मोजताना 'ष' आणि 'ट्र' वेगळे धरायचे आणि मग शब्द बसत नाही म्हणून सूचनेलाच दोष द्यायचा.

या रचनेचा मोठा फायदा आहे. इंग्रजीत छेदणाऱ्या घरात 'आर' मिळाला तर फारसं काही कळत नाही. मराठीत 'रा' मिळाला की र, रि, री, रु, रू, रे, रो, रां हे सगळे एका फटक्यात बाद. मराठीत एकेक घर इतकं बोलकं असतं. अर्थात चुकलं तर तितकंच भारी पडतं, म्हणून पेन्सिल.

आमच्या आईची एक युक्ती आहे. व्यंजनाची खात्री असली आणि मात्रेची नसली तर ती घराच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात नुसतं व्यंजन लिहिते. 'व' नक्की, पण वि की वी की वा हे दुसऱ्या दिशेचा शब्द ठरवेल. तिच्या पेपरात निम्मी घरं अशी कोपऱ्यात कुजबुजत असतात. पूर्ण अक्षर घराच्या मधोमध आलं की ते कायमचं.

पहिली फेरी: जे येतं तेच

एक आडवा, एक उभा असं क्रमाने जाऊ नका. सगळ्या सूचनांवरून एकदा नजर फिरवा आणि ज्यांना दुसरं उत्तरच असू शकत नाही त्या आधी भरा. म्हणींतल्या गाळलेल्या जागा त्यात सगळ्यात भरवशाच्या. 'आवळा देऊन ___ काढणे', 'बळी तो कान ___', 'आयत्या बिळात ___', 'इकडे आड तिकडे ___'. कोहळा, पिळी, नागोबा, विहीर. त्यानंतर टोपणनावं: कृष्णाजी केशव दामले म्हणजे केशवसुत, त्र्यंबक बापूजी ठोंबरे म्हणजे बालकवी, आत्माराम रावजी देशपांडे म्हणजे अनिल, आणि एकाच घरात मावणारे नारायण मुरलीधर गुप्ते म्हणजे 'बी'. (एका घराचा शब्द कोड्यात सहसा येत नाही, त्यामुळे बिचारे बी मागेच राहतात.) मग नद्या आणि गावं: आळंदीची इंद्रायणी, जेजुरीजवळची कऱ्हा, बीडची बिंदुसरा. शेवटी पुराणातल्या वस्तू. अर्जुनाचं धनुष्य गांडीव, शंकराचं पिनाक, कृष्णाचा शंख पांचजन्य, अर्जुनाचा देवदत्त, इंद्राचा हत्ती ऐरावत, कर्णाचा सारथी शल्य. अशी तीसेक नावं पाठ असली की आठवड्यातून दोन-तीनदा तरी कामी येतात.

शब्द आला नाही तरी त्याचं टोक बहुतेक वेळा येतं. सूचना क्रियापदाची असेल, 'शेतात बी टाकणे' अशी, तर उत्तराच्या शेवटच्या घरात 'णे' लिहून टाका. 'काम करणारा' असेल तर शेवटी 'णारा' किंवा 'कार', 'करी', 'दार' यांपैकी काहीतरी असणार. सूचना अनेकवचनी तर उत्तरही अनेकवचनी. सूचना स्त्रीलिंगी तर उत्तरही स्त्रीलिंगी. 'हुशार (स्त्री)' असं कंसात लिहिलेलं असेल तर तो कंस शोभेसाठी नसतो. भाववाचक नाम हवं असेल तर शेवटी 'पणा', 'ता', 'की', 'ई' यांतलं एक. ही टोकं कोपऱ्यात लिहून ठेवली की छेदणाऱ्या शब्दांना आधार मिळतो.

एक कोपरा सोडवून पाहू

तीन बाय तीनचा एक कोपरा मी केला आहे. वरच्या ओळीत तिन्ही घरं पांढरी. मधल्या ओळीत मधलं घर काळं. खालच्या ओळीत डावीकडचं घर काळं. सूचना अशा:

आडवे १: कमळ (३)
आडवे ३: हात किंवा सरकारी देणे (२)
उभे १: राजाची पत्नी (२)
उभे २: शेतीचे एक अवजार (३)

आडव्या १ पासून सुरुवात केली तर अडकलोच. कमळाला तीन अक्षरी शब्द किती? पंकज, नीरज, जलज, अंबुज, वारिज, सरोज, उत्पल, राजीव. आठ तर बसल्या बसल्या झाले. शेतीच्या अवजाराचे पाच आपण वर पाहिलेच. सरकारी देणं दोन अक्षरी म्हणजे 'कर' असेल किंवा 'सारा'. चार सूचनांपैकी एकच खरी सोपी आहे: राजाची पत्नी, दोन घरं, राणी. ती भरली की कमळाच्या पहिल्या घरात 'रा' येतं आणि आठांपैकी सात गळतात. राजीव. त्याच्या शेवटच्या घरातून उभा २ सुरू होतो. 'व' ने सुरू होणारं तीन अक्षरी अवजार, वखर. वखरचं शेवटचं घर म्हणजे आडव्या ३ चं शेवटचं घर. तिथे 'र' आहे, 'रा' नाही, म्हणून सारा बाद आणि कर पक्का. 'हात' या अर्थानेही तो बसतो, त्यामुळे दुहेरी खात्री.

इथे बाहेरची काहीच मदत लागली नाही. समजा 'राजीव म्हणजे कमळ' हेच माहीत नसतं तर? तेव्हाच मदत मागायची, आणि ती 'रा' हातात आल्यानंतर. "कमळाला दुसरा शब्द सांग" म्हणून विचारलं असतं तर समोरच्याने पंकज सांगितलं असतं. तो आपण लिहिला असता, आणि मग राणीचीच शंका आली असती.

कमळ, ढग आणि समुद्र

मराठी कोड्यांत संस्कृत समानार्थी शब्दांचा सुकाळ असतो आणि बहुतेकांचं घोडं तिथेच पेंड खातं. पण हे शब्द एकेक करून पाठ करायची गरज नाही. ते जोडून तयार होतात. जोड कळली की शब्द घरच्या घरी करता येतात.

पाण्याला शब्द घ्या: जल, नीर, अंबु, वारि, तोय, पय. यापुढे 'ज' लावा. ज म्हणजे जन्मलेला, म्हणून पाण्यात जन्मलेलं ते कमळ: जलज, नीरज, अंबुज, वारिज. 'द' लावा. द म्हणजे देणारा, म्हणून पाणी देणारा तो ढग: जलद, नीरद, अंबुद, वारिद, तोयद, पयोद. 'धी' लावा, म्हणजे साठा, आणि झाला समुद्र: जलधी, अंबुधी, वारिधी, पयोधी, आणि उदकातला उद घेऊन उदधी. हे सगळे तीन अक्षरी आहेत, म्हणूनच कोडं रचणाऱ्याला ते आवडतात. शेवटचं अक्षर नुसतं ज, द की धी एवढं कळलं तरी सूचनेशी पडताळता येतं. समुद्राच्या सूचनेला शेवटी 'ज' आला असेल तर कुठेतरी चुकलंय.

तसंच पृथ्वीचं. भू, मही, धरा, अवनी, क्षिती. पुढे 'धर' लावला की पर्वत (भूधर, महीधर), 'प' किंवा 'पती' लावला की राजा (भूप, महीप, महीपती). 'जा' म्हणजे मुलगी, म्हणून गिरिजा आणि शैलजा दोन्ही पार्वती, आणि भूमिजा ती सीता. 'ग' म्हणजे जाणारा. ख म्हणजे आकाश, तिथे जाणारा खग. उराने सरपटत जाणारा उरग, म्हणजे साप. वेगाने जाणारा तुरग, म्हणजे घोडा. आणि जो जातच नाही तो नग किंवा अग, पर्वत. 'कर' म्हणजे करणारा, म्हणून दिनकर, दिवाकर, प्रभाकर हे सूर्य आणि निशाकर चंद्र. पण 'चर' म्हणजे फिरणारा, म्हणून निशाचर तो राक्षस. एका अक्षराचा फरक आणि चंद्राचा राक्षस होतो. 'पाणि' म्हणजे हात. ज्याच्या हातात चक्र तो चक्रपाणी, शूल तो शूलपाणी. लहानपणी मी चक्रपाणी म्हणजे भोवऱ्याचं पाणी समजत असे, आणि ते बराच काळ चाललंही, कारण कोड्यात घरं बरोबर बसत.

या जोडशब्दांबाहेर काही दोन अक्षरी शब्द आहेत. ते आपण कधी बोलत नाही, पण कोड्यात दर दोन दिवसांनी भेटतात. भुंगा अली, साप अही, शत्रू अरी, तलवार असी, कोकिळ पिक, पोपट शुक, बगळा बक, लांडगा वृक, घोडा हय, दात रद, कपाळ भाल, कंबर कटी. जुन्या ओळखीचे शेजारी असावेत तसे हे. रस्त्यात भेटले तर बोलत नाही, पण नावं सगळ्यांची माहीत.

संस्कृतावर हात बसला की माणूस एका गोष्टीकडे दुर्लक्ष करतो, ती म्हणजे घरातले आणि रानातले मराठी शब्द. फडताळ, कोनाडा, कोयंडा, अडसर, पडवी, शिंके, दुरडी, उखळ, वरवंटा, मोट, चाडे. फ्लॅटमध्ये वाढलेल्या माणसाला खरी अडचण यांची. 'पयोधी' मी दहावीच्या संस्कृतवर काढते, पण पाभरीवरून बी सोडायच्या त्या वाटीसारख्या भांड्याला चाडं म्हणतात हे मला आईने सांगितलं, तिला तिच्या मामाने.

एका शब्दाचे दोन मालक

सूचना फार साधी दिसली आणि तरी उत्तर बसत नसलं, तर शब्दाचा दुसरा अर्थ शोधा. 'मित्र' म्हणजे दोस्त, पण सूर्यही. 'जीवन' म्हणजे पाणी. 'अंबर' म्हणजे आकाश आणि वस्त्रही. 'द्विज' म्हणजे ब्राह्मण, पक्षी आणि दात, कारण तिघांचाही दोनदा जन्म होतो असं मानलं आहे. 'अंक' म्हणजे आकडा, नाटकाचा भाग आणि मांडी. 'पय' म्हणजे दूध आणि पाणी दोन्ही. 'रवी' सूर्य आहेच, पण ताक घुसळायचीही रवीच. 'वात' समईतली, सांध्यांतला आणि वाराही. 'हार' गळ्यातला, 'हार' सामन्यातली. कोडं रचणाऱ्याला यांचा उपयोग होतो तो असा की 'दात' सूचनेला रद आणि द्विज दोन्ही दोन अक्षरी बसतात, आणि आपण एकाला मिठी मारून बसतो.

काही वेळा सूचनाच सांगते की अक्षरांशी खेळ आहे: 'उलटे केल्यास', 'मधले अक्षर गाळल्यास', 'सुलट वाचा, उलट वाचा'. तिथे अक्षर म्हणजे मात्रेसकट अक्षर. 'राजी' उलटं केलं तर 'जीरा' होतं. काना आणि वेलांटी आपापल्या व्यंजनाला चिकटूनच फिरतात.

ह्रस्व-दीर्घाचं भांडण

आमच्या घरात यावरून चहा थंड झालेला आहे. १९६२ साली मान्य झालेल्या लेखननियमांनुसार शब्दाच्या शेवटचा इ-उ दीर्घ लिहायचा: कवी, रवी, गती, गुरू. पण तोच शब्द समासात पुढे गेला की मूळचा ह्रस्व होतो: कविवर्य, रविवार, गुरुदेव. मराठी शब्दात शेवटच्या अकारान्त अक्षराच्या आधीचा इ-उ दीर्घ: फूल, पूर, विहीर, जीभ. संस्कृतातून जसाच्या तसा आलेला शब्द असेल तर मुळाप्रमाणे: गुण, विष, मंदिर.

कोड्यात याचा उपयोग असा. आडव्यात 'रवी' आणि त्याच्या 'वी' मधून खाली 'विहीर' जात असेल तर एक तर तुमचा एक शब्द चुकलाय, किंवा कोडं रचणाऱ्याने वेलांटीची सवलत घेतली आहे. काही जण ही सवलत घेतात, काही जण अजिबात घेत नाहीत. आपल्या पेपरचा माणूस कुठल्या पंथाचा ते आठवडाभर उत्तरं तपासली की कळतं. सवलत न घेणारा असेल तर वेलांटीवर पूर्ण विश्वास ठेवा. घेणारा असेल तर वेलांटीकडे कानाडोळा करा, पण काना, मात्रा आणि अनुस्वार मात्र सोडू नका. 'रा' आणि 'रां' एकमेकांच्या जागी कोणीच चालवून घेत नाही. राजीवच्या जागी रांजण बसणार नाही.

आता बाहेरची मदत

पहिली मदत माणसांची, आणि ती विषय पाहून मागायची. शेतीचा शब्द गावाकडच्या काकांना, स्वयंपाकघरातला आजीला किंवा मावशीला, क्रिकेटचा भाच्याला, रागाचं नाव शेजारच्या पेटीवाल्या गुरुजींना. सगळं एकाच व्यक्तीला विचारत राहिलात तर तिला कंटाळा येतो आणि तुम्हाला तिच्या मर्यादा येतात. विचारताना आईचा नमुना वापरा: घरं, अक्षर आणि त्याची जागा, सूचना जशी छापली आहे तशी, आणि जे बसलं नाही ते. सूचना आपल्या शब्दांत सांगू नका. 'पेरणीचे अवजार' असं छापलं असताना तुम्ही 'शेतीचं काहीतरी' म्हणालात तर वखर आणि नांगर पुन्हा शर्यतीत येतात.

उत्तर हवं की इशारा, हेही आधीच सांगून टाका. आमच्या नात्यातल्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर एकदा कोणीतरी कोड्याचा फोटो टाकून "फक्त ७ आडवा अडलाय" असं लिहिलं. दहा मिनिटांत एका उत्साही दादांनी पूर्ण भरलेलं कोडंच परत टाकलं. त्या दिवशी चार घरांतली सकाळ वाया गेली. माझा भाऊ न्यू जर्सीत असतो आणि ई-पेपर वाचतो. आपल्याकडे पहाटेचे साडेपाच वाजतात तेव्हा उन्हाळ्यात त्याच्याकडे आदल्या दिवसाचे रात्रीचे आठ असतात. म्हणजे आई उठायच्या आत त्याचं कोडं झालेलं असतं. त्याला सक्त ताकीद आहे की साताऱ्याचा फोन आल्याशिवाय तोंड उघडायचं नाही, आणि उघडलं तरी आधी फक्त पहिलं अक्षर.

दुसरी मदत कोशांची. घरात एखादा मराठी शब्दकोश असेल तर उत्तमच, पण कोड्यासाठी त्याची एक अडचण असते. त्यात शब्दावरून अर्थ मिळतो, आणि आपल्याला अर्थावरून शब्द हवा असतो. यावर एक तोड आहे. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची १८५७ ची दुसरी आवृत्ती आणि दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश, दोन्ही शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई शब्दकोशांच्या संकेतस्थळावर मोफत आहेत आणि त्यांत नुसत्या शब्दांतच नाही, अर्थांच्या मजकुरातही शोध घेता येतो. कमळ हवंय? मोल्सवर्थमध्ये 'लोटस' हा इंग्रजी शब्द रोमन लिपीत टाका, पूर्ण मजकुरात शोधा. ज्या ज्या मराठी शब्दाच्या अर्थात तो आलाय ते सगळे समोर येतात. शेतीच्या अवजारांना तर हा हुकमी उपाय आहे, कारण मोल्सवर्थने एकोणिसाव्या शतकातल्या गावगाड्याचे शब्द मनापासून गोळा केले आहेत.

जुन्या कोशात जुनं लेखन असतं, हे विसरू नका. तिथे कवी नाही, कवि आहे. तळे नाही, तळें. करणे नाही, करणें. नाव नाही, नांव. आजच्या वेलांटीने शोधून "शब्दच नाही" म्हणत मी कितीदा तरी परत आले आहे.

पुराणातल्या माणसांसाठी सिद्धेश्वरशास्त्री चित्राव यांचा प्राचीन चरित्रकोश, सणवार-देवस्थानं-व्रतं यांसाठी महादेवशास्त्री जोशी यांचा दहा खंडांचा भारतीय संस्कृतिकोश, आणि बाकी सगळ्यासाठी मराठी विश्वकोश, जो आता ऑनलाइन वाचता येतो. गावच्या ग्रंथालयात पहिले दोन बहुतेक असतातच. संदर्भ विभागातल्या माणसाला "कोड्यासाठी हवाय" असं सांगायला लाजू नका. तोही सोडवत असतो.

तिसरी मदत यंत्रांची, आणि इथे जरा जपून. इंग्रजीत अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हं टाकून शब्द शोधून देणारी साधनं भरपूर आहेत. मराठीत ती गडबडतात, कारण संगणक 'राजीव' तीन अक्षरी धरत नाही. त्याच्या दृष्टीने र, काना, ज, वेलांटी, व अशी पाच चिन्हं आहेत. इंद्रायणी आपल्याला चार, त्याला नऊ. त्यामुळे 'तीन अक्षरी शब्द' मागितला की भलतेच शब्द येतात. चॅटबॉटला विचारून मी हे अनुभवलंय. तीन अक्षरी मागितलं, चार अक्षरी आलं, आणि वर ठामपणे "हा तीन अक्षरी शब्द आहे" असंही सांगितलं. एकदा तर असा शब्द दिला जो कुठल्याच कोशात नाही. म्हणून यंत्राकडे उत्तर मागू नका, यादी मागा: "पर्वताला मराठीत आणि संस्कृतात जितके समानार्थी शब्द आहेत तितके दे." अक्षरं आपण मोजायची, आणि निवडलेला शब्द कोशात आहे ना, ते पाहायचं.

एकच उत्तर का असतं

कोड्याचा शोध जुना नाही. आर्थर विन यांनी २१ डिसेंबर १९१३ रोजी न्यूयॉर्क वर्ल्ड या वृत्तपत्रात पहिलं छापलं. ते चौकोनी नव्हतं, शंकरपाळ्याच्या आकाराचं होतं. आपल्याकडे त्याने वेगळाच उद्योग केला. भरघोस बक्षिसांची कोडी निघाली. त्यांत जिंकायचं तर आपलं उत्तर आयोजकांनी आधीच ठरवून ठेवलेल्या उत्तराशी जुळावं लागे. एका सूचनेला दोन-तीन शब्द सारखेच योग्य, मग ते ओळखण्यात कौशल्य किती आणि नशीब किती? बंगळूरहून निघणाऱ्या एका साप्ताहिकातल्या स्पर्धेवरून चमारबागवाला खटला सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९५७ मध्ये न्यायालयाने ती स्पर्धा जुगार ठरवली. त्याआधी १९५५ च्या कायद्याने अशा स्पर्धांतल्या बक्षिसांना महिन्याला एक हजार रुपयांची मर्यादा घातली होती.

हे सांगायचं कारण, रोजचं चांगलं कोडं याच्या बरोबर उलट वागतं. तिथे प्रत्येक अडचणीच्या शब्दाला छेदणारा एक सोपा शब्द ठेवलेला असतो. म्हणून एखाद्या सूचनेला दोन शब्द बसत असतील तर मन घट्ट करून निवडू नका. त्याला छेदणारा शब्द शोधा, निवाडा तो करेल. आणि एका कोपऱ्यात छेदणारा एकही शब्द येत नसेल तर आधीपासून भरलेल्या, 'नक्की' वाटणाऱ्या शब्दांपैकी एकावर संशय घ्या. माझ्या अनुभवात अडलेल्या कोपऱ्याचं कारण बहुतेकदा त्याच्या दोन घरं आधीच असतं. तिथला पेन्सिलचा शब्द पुसा, पेपर उलटा ठेवा, भाजी चिरा. परत आल्यावर 'कर' च्या जागी 'सारा' का बसवला होता, हे दिसतं.

दुसऱ्या दिवशीचं काम

उत्तर बहुधा पुढच्या अंकात येतं. ते नुसतं बघून पान उलटू नका. जे आले नाहीत ते शब्द एका वहीत लिहा, पण अर्थाखाली नव्हे तर अक्षरसंख्येखाली: दोन अक्षरी, तीन अक्षरी, चार अक्षरी अशी पानं. कोड्यात शोध घरं मोजूनच सुरू होतो, तेव्हा वहीही तशीच लागते. शेजारी शेवटचं अक्षर वेगळं लिहून ठेवा.

कधी छापलेलं उत्तरच बसत नाही. आधी सूचनांचे क्रमांक तपासा. एखादा क्रमांक पुढे-मागे छापला गेला की चांगल्या माणसाचा अर्धा तास जातो. क्रमांक ठीक असतील आणि तरी पटलं नाही तर पेपरला पत्र टाका, सूचना आणि कोशातला अर्थ दोन्ही देऊन. आईने आजवर तीन पत्रं टाकली आहेत. एका पत्राला उत्तर आलं, दोन ओळींचं, "आपले म्हणणे योग्य आहे." ते तिने वहीत, दोन अक्षरींच्या पानावर, चिकटवून ठेवलंय. दोन अक्षरींच्या पानावर का, असं मी विचारलं तर म्हणाली, "शब्द 'चूक' होता ना."